खेड्याच्या शाळेला मास्तर देणारे कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. अन्नाने एका वेळची भूक भागते, औषधाने एक व्याधी बरी होते, ज्ञानाने मात्र माणूस आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभा राहतो. या ज्ञानदानाचा एक प्रकार असा आहे की, ज्याकडे दात्यांचे लक्ष सहसा जात नाही. तो म्हणजे ज्ञान देणाराच घडविण्यासाठी केलेले साहाय्य. गरीब विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मदत केली तर त्याचे घर सावरते. तोच विद्यार्थी शिक्षक होणार असेल आणि त्याच्या अध्यापन-प्रशिक्षणाला मदत केली, तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या तीस-पस्तीस वर्षांतल्या मुलांची घरे सावरतात. हे गणित महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत आधी नीट ओळखले आणि प्रत्यक्ष मांडून दाखविले, ते पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांच्या जीवनाचे स्मरण करणे औचित्यपूर्ण ठरेल, असे वाटते.

कर्मवीर म्हटले की, रयत शिक्षण संस्था आणि कमवा व शिका ही योजना सर्वांना आठवते. वसतिगृहे आठवतात, हायस्कुले आठवतात. परंतु या प्रचंड वटवृक्षाचे एक मूळ शिक्षक घडविण्याच्या कामात होते, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. या लेखात विशेषकरून त्या कामाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

बालपण व संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव म्हणजे त्यांचे आजोळ. त्यांचे स्वतःचे गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील हे मुलकी खात्यात कारकून होते, मातुःश्रींचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अंगापिंडाने मजबूत, कुस्तीची व पोहण्याची आवड आणि अन्याय दिसला की उसळून उठणारा स्वभाव. अस्पृश्य मानल्या गेलेल्या सवंगड्यांना विहिरीवर पाणी मिळत नाही, हे पाहून संतापलेल्या या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा या एका प्रसंगात दिसते.

इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. या बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे हे विद्वान व शिस्तीचे कडक गृहस्थ होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या प्रसंगी तेथे जाऊन भाऊरावांनी सहभोजन केले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयाला ठेवले. महाराजांच्या सहवासात बहुजन समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न किती खोल आहे, हे त्यांनी जवळून पाहिले.

आपल्या समाजाच्या संस्थेच्या इतिहासातील हा प्रसंग आपण झाकून ठेवू नये. कारण त्याचा उत्तरार्ध अधिक मोठा आहे. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. या प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर मोठा दबाव आला. ज्या गृहस्थांनी आपल्याला वसतिगृहातून काढले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. त्यांना कोठडी व छळ सोसावा लागला, जीव देण्याच्या टोकापर्यंत ते गेले, पण असत्य बोलले नाहीत. सत्य हे व्रत म्हणून पाळणे म्हणजे काय, हे त्यांनी कोणतेही प्रवचन न करता दाखवून दिले.

पाटील मास्तर

भाऊराव मॅट्रिकची पायरी ओलांडू शकले नाहीत. साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या घेण्यास सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत पाटील मास्तर म्हणून ते सर्वांना परिचित झाले. म्हणजे ज्यांनी पुढे हजारो शिक्षक घडविले, ते स्वतः कोणत्याही प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राशिवाय शिक्षकी करून पोट भरत होते. शिकविणे ही साधी गोष्ट नाही, त्यासाठी वेगळी तयारी लागते, याची जाण त्यांना या काळातच आली असावी.

त्यानंतर त्यांनी ओगले यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. फिरत्या विक्रेत्याचे हे काम आम्हा व्यापारी माणसांना चांगले ठाऊक आहे. दुकानात बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक दिसते, फिरत्या माणसाला त्या गिऱ्हाइकाचे घर दिसते. नांगर विकण्यासाठी भाऊराव खेडोपाडी शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसले. तेथे त्यांना कर्जाचे कागद वाचता न येणारा बाप दिसला, गुरांमागे जाणारी हुशार मुले दिसली आणि शाळा नसलेली गावेही दिसली. जेथे शाळा होती, तेथेही शिकविणारा मास्तर बाहेरगावचा, खेड्यात मन न रमणारा आणि बदलीची वाट पाहणारा असे.

महात्मा जोतीराव फुले यांनी हेच दुखणे कितीतरी आधी नेमके सांगितले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना योग्य प्रशिक्षण द्यावे आणि प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये पगार असावा, अशी मागणी केली होती. नांगर धरायला न लाजणारा, गावकऱ्यांत मिसळणारा मास्तर त्यांना हवा होता. सत्यशोधक विचारांचे संस्कार झालेल्या भाऊरावांपुढे हे निवेदन म्हणजे जणू अपुरे राहिलेले एक काम होते.

रयत शिक्षण संस्था

१९१० च्या सुमारास दूधगाव येथे सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढून भाऊरावांनी या कार्याचा श्रीगणेशा केला होता. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीच्या मुहूर्तावर रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या वसतिगृहात मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व समाजांची मुले एका पंक्तीला जेवत. दळण, पाणी, स्वयंपाक, शेतातील कामे मुलेच करीत. गावोगाव घरटी मूठभर धान्य काढून ठेवले जाई आणि ते वसतिगृहाला मिळे. कमवा व शिका या योजनेचा उगम येथे आहे. भाऊरावांचे म्हणणे साधे होते. गरीब मुलाला फुकट खाऊ घातले तर तो उपकाराच्या ओझ्याखाली वाकतो, त्याने श्रम करून शिक्षण घेतले तर तो ताठ मानेने उभा राहतो.

या साऱ्या संसाराचा भार त्यांच्या सहधर्मचारिणी सौ. लक्ष्मीबाई यांनी उचलला. निरनिराळ्या जातींची मुले स्वतःच्या घरात वाढविणे ही त्या काळातील एका जैन कुटुंबातील स्त्रीला सोपी गोष्ट नव्हती. जुने संस्कार बाजूला सारून त्यांनी ती केली. अंगावरचे दागिने एकेक करून मुलांच्या पोटासाठी गेले. एकदा वसतिगृहात धान्य संपले आणि भाऊराव गावी नव्हते, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. रयतेच्या पायाभरणीत पहिली मोठी देणगी कोणाची, असे विचारले तर या माउलीचे नाव घ्यावे लागेल.

अध्यापक विद्यालयाची स्थापना

वसतिगृहांतून मुले शिकू लागली, व्हर्नाक्युलर फायनल ही सातवीची परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली. त्या काळी फायनल पास झालेल्या मुलाला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून नोकरी मिळू शकत असे. परंतु प्रशिक्षण घेतलेला मास्तर आणि न घेतलेला मास्तर यांच्या पगारात, दर्जात आणि मुख्य म्हणजे शिकविण्यात मोठा फरक पडे. प्रशिक्षणाची सोय मोजक्या शहरांत होती. खेड्यातल्या मुलाने तेथे जायचे म्हणजे फी, जेवणखाण, राहणे हा खर्च तर आलाच, शिवाय घरातला कमावता होऊ शकणारा हात तेवढी वर्षे बाहेर राहणार. गरीब शेतकऱ्याला या शेवटच्या गोष्टीचीच धास्ती अधिक असे. फी ही या खर्चाची लहान बाजू होती, पोट ही मोठी बाजू होती.

दुसरीकडे, शाळेत दाखल झालेली बहुसंख्य मुले लिहिता-वाचता येण्याआधीच शाळा सोडतात, ही गोष्ट १९२९ च्या हार्टॉग समितीने सरकारच्या निदर्शनास आणून दिली होती. नुसत्या शाळा वाढवून उपयोग नाही, मूल शाळेत टिकविणारा तयार शिक्षक हवा, हे आता सर्वमान्य होऊ लागले होते.

या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यालय काढले. ते वर्ष बादशहा पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचे होते, म्हणून त्याला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असे नाव देण्यात आले. खादी वापरणाऱ्या, अनवाणी फिरणाऱ्या भाऊरावांनी असे नाव कसे स्वीकारले, याचे कोणाला नवल वाटेल. पण ते व्यवहार जाणणारे होते. पाटीवर कोणाचे नाव आहे यापेक्षा आत कोण शिकतो आहे, याला त्यांच्या लेखी महत्त्व होते. पुढे याच विद्यालयाला महात्मा फुले अध्यापक विद्यालय हे नाव मिळाले. १८८२ ची मागणी आणि १९३५ ची कृती यांच्यामधील ५३ वर्षांचे अंतर त्या नामकरणाने भरून निघाले.

नावातील रूरल हा शब्द महत्त्वाचा आहे. हे विद्यालय खेड्यासाठी शिक्षक घडविणारे होते. वसतिगृहातील रीत येथेही चालू राहिली. श्रम करावेत, स्वतःचे काम स्वतः करावे, शेतीत राबावे आणि त्याबरोबर अध्यापनाचे शास्त्र शिकावे. असा शिक्षक खेड्यात गेला की, त्याला तेथील जीवन परके वाटत नसे. शिकत असताना ज्याने कुदळ हातात धरली, तो गावातल्या कुणब्याच्या मुलाला तुच्छ मानत नाही. पुढे स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही सुरू झाले. मुलींना शाळेत पाठवायला पालक बिचकतात, त्यांना शिक्षिका दिसली तर धीर येतो, हे त्यामागील साधे सत्य होते.

व्हॉलंटरी शाळा

शिक्षक तयार झाला, पण त्याला शाळा कोठे? भाऊरावांच्या कामाची खरी थोरवी या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. योगायोग असा की, ज्या अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचे भाऊरावांनी नाकारले होते, तेच या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. जेथे शाळा नाही अशा खेड्यांत खाजगी संस्थांनी प्राथमिक शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे, असे धोरण पुढे आले. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. अनुदान तुटपुंजे होते. अनेक संस्थांनी हिशेब मांडून पाहिला आणि त्या मागे राहिल्या. भाऊरावांनी मात्र ही संधी दोन्ही हातांनी घेतली. डोंगरकपारीतील, ओढ्यापलीकडील लहान लहान वाड्यावस्त्यांत त्यांनी शाळा उघडल्या. कोठे देवळात, कोठे चावडीत, कोठे कोणाच्या पडवीत मुले बसू लागली. अशा ५७८ शाळा रयत शिक्षण संस्थेने चालविल्या. पुढे त्या जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने सार्वजनिक शाळा झाल्या.

या शाळांना मास्तर हवे होते आणि खेड्यातली मुले प्रशिक्षणाची वाट पाहत होती. एका बाजूची गरज दुसऱ्या बाजूने भागली. वसतिगृहात मुलगा वाढवायचा, त्याला अध्यापक विद्यालयात श्रमाच्या मोबदल्यात शिकवायचे आणि त्याच्यासारख्याच मुलांच्या शाळेवर त्याला पाठवायचे, अशी ही साखळी होती. तिची एक कडी जरी गळाली असती, तरी बाकीच्या कड्या निरुपयोगी ठरल्या असत्या. नुसती फी दिली असती तर शिक्षक शहराकडे गेला असता. नुसती शाळा काढली असती तर ती मास्तराविना ओस पडली असती.

अनुदानबंदीचे संकट व पुढील विस्तार

१९४० मध्ये साताऱ्यात सयाजीराव महाराजांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल आणि १९४७ मध्ये कमवा व शिका तत्त्वावरील छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. या घटनेने व्यथित झालेल्या भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. याच काळात त्यांच्या परखड बोलण्यामुळे सरकारची नाराजी ओढवली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलांचे जेवण यांवर संकट आले. अशा वेळी भाऊराव पुन्हा लोकांच्या दारात गेले. ज्यांच्या घरची मुले शिकली होती, त्या शेतकऱ्यांनी धान्य व पैसा दिला. शिक्षकांनी अर्धपोटी राहून वर्ग चालू ठेवले. संत गाडगे महाराजांनी आपले नैतिक वजन संस्थेच्या पाठीशी उभे केले आणि कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. या संकटात संस्था टिकली, याचे श्रेय तिच्या शिक्षकांना आहे. ज्याला संस्थेने वाढविले, शिकविले आणि मास्तर केले, तो पगार थकला म्हणून शाळा सोडून गेला नाही. शिक्षकाच्या प्रशिक्षणात घातलेले भांडवल अडचणीच्या दिवसांत असे व्याजासह परत आले.

हायस्कुले वाढली तशी पदवीधर प्रशिक्षित शिक्षकांची उणीव भासू लागली. खेड्यातल्या पदवीधराला पुणे-कोल्हापूर गाठून बी.टी. होणे परवडत नव्हते. हा प्रश्न भाऊरावांनी पूर्वीच्याच रीतीने सोडविला. १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव त्याला देण्यात आले. प्राथमिक शिक्षकांसाठी १९३५ मध्ये टाकलेले पाऊल २० वर्षांनी माध्यमिक शिक्षकांपर्यंत पोहोचले. एव्हाना शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅ. पी. जी. पाटील यांच्यासारखे विद्यार्थी विलायतेत शिकून पुन्हा रयतेत शिकवायला परतले होते. तेच पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जनतेने भाऊरावांना कर्मवीर ही पदवी दिली. १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट. देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेला हा मान होता. त्याच वर्षी ९ मे रोजी या कर्मयोग्याने देह ठेवला. त्या वेळी ३८ वसतिगृहे, शंभरावर माध्यमिक विद्यालये, ३ महाविद्यालये आणि ६ अध्यापक विद्यालये असा संस्थेचा पसारा होता. तीन महाविद्यालयांपैकी एक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतःच्या नावावर मात्र त्यांनी काही ठेवले नाही. परिग्रहाचा त्याग केलेल्या श्रावकाचे हे जीवन होते, असे म्हटले तर ते अनाठायी होणार नाही. २०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शताब्दी साजरी केली आणि आज साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठही उभे आहे.

आपल्यासाठी बोध

थोरांची चरित्रे वाचून हात जोडणे सोपे असते. त्यांच्या हिशेबाची वही उघडून आपला हिशेब ताडून पाहणे कठीण असते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ते करावयास हवे.

समाजातील विश्वस्त संस्था दरवर्षी शिष्यवृत्त्या देतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी अर्जांची आणि मंजुरीची यादी पाहिली, तर वैद्यकीय, अभियांत्रिकी, सनदी लेखापाल यांनाच अग्रक्रम मिळालेला दिसतो. डी.एड., म्हणजे आताचे डी.एल.एड., किंवा बी.एड. करणारा विद्यार्थी यादीत क्वचित दिसतो. त्याची फी तुलनेने कमी, म्हणून त्याला मदतीची गरजच नाही, असा आपला समज असतो. कर्मवीरांनी ९० वर्षांपूर्वीच ओळखले होते की, अडचण केवळ फीची नसते. अभ्यासक्रमाच्या काळातील खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे, सराव पाठांसाठी रोज लांबच्या शाळेत जाण्याचा प्रवासखर्च आणि घरी न येणारी कमाई हे सारे त्यात येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची दिशा दाखविली आहे. शिक्षक अधिक चांगला तयार व्हावा, हा हेतू योग्यच आहे. पण प्रशिक्षण जितके लांबेल, तितके ते गरिबाच्या हातातून निसटण्याचा धोका वाढेल.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. प्रशिक्षण घेतलेल्यांना नोकरी कोठे मिळते? शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये अमलात आला, महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, भरती लांबत गेली आणि विद्यार्थ्यांअभावी अनेक अध्यापक विद्यालयांना कुलपे लागली. मग अशा शिक्षणाला मदत कशासाठी करावी? या आक्षेपाचे उत्तरही कर्मवीरांच्या जीवनातच आहे. त्यांनी फी भरून हात झटकले नाहीत. शिक्षक शाळेत उभा राहीपर्यंत त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

व्यापारी माणूस असल्याने मला हिशेबाच्या भाषेत सांगणे सोपे जाते. माल गिरणीतून उचलला आणि गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविला नाही, तर वाटेतली सारी रक्कम अडकून पडते. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. म्हणून विश्वस्त मंडळांनी या तीन गोष्टींचा विचार करावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. पहिली, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही जातिधर्माच्या गरीब विद्यार्थ्याला फीबरोबर जेवणखाणाचा व प्रवासाचा खर्चही द्यावा. दुसरी, ही मदत प्रशिक्षण संपताच थांबवू नये. पात्रता परीक्षेची पुस्तके, परीक्षेची फी आणि नेमणुकीपर्यंतचा काही काळ यांसाठी बिनव्याजी साहाय्य असावे, ते त्याने नोकरी लागल्यावर पुढील विद्यार्थ्यासाठी परत करावे. तिसरी, त्या बदल्यात त्याने शिकत असतानाच परिसरातील नगरपालिका वा जिल्हा परिषदेच्या शाळेतील मागे पडलेल्या मुलांना आठवड्यातून काही तास शिकवावे. त्याला श्रमाचा मोबदला मिळेल, मुलांना मास्तर मिळेल आणि कोणावर उपकाराचे ओझे राहणार नाही. कमवा व शिका या योजनेचा आजच्या काळातला अर्थ याहून वेगळा नसावा.

आपली सभागृहे, धर्मशाळा व मंदिरे यांसाठी समाजाने नेहमीच मुक्त हस्ताने दिले आहे, पुढेही देईल. त्यांच्या संगमरवरी पाट्यांवर दात्यांची नावे कोरलेली असतात. शिक्षकाच्या प्रशिक्षणाला दिलेल्या दानाची पाटी कोठेही लागत नाही. एखाद्या दूरच्या वाडीवरील शाळेत फळ्यावर पहिले अक्षर उमटते आणि चिमुकली बोटे ते गिरवू लागतात, तेथे ते दान पोहोचलेले असते. कुंभोजच्या एका जैन घरात जन्मलेल्या, बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागलेल्या आणि तरीही मनात कटुता न ठेवता हजारो घरांत विद्येचा दिवा लावणाऱ्या या महापुरुषाने आपल्याला हीच वाट दाखविली आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षात त्या वाटेवर आपल्या संस्थेची काही पावले पडोत, अशी प्रार्थना करून कर्मवीरांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.

जय जिनेंद्र.